अव्वाची चांदी

नायगाव,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षरा,

पत्र बघून दचकू नकोस. मठात चार माणसांसमोर मी शपथ घेतली होती, या तोंडानं तुझ्याशी बोलणार नाही. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. तीन वर्षं शपथ मोडली नाही, आताही मोडत नाही.

हैदराबादला तुझ्या हृदयाची झडप बदलली, हे मला एसटीच्या हणमंतराव कंडक्टरनं सांगितलं. पोरीची छाती उघडली आणि बापाला ते तिकिटं फाडणाऱ्या माणसाकडून कळलं, यात शोभा कोणाची झाली ते तूच ठरव. लग्न करताना विचारलं नाहीस, ठीक. मरायच्या दारातून परत आलीस तेव्हा तरी दोन ओळी टाकायच्या होत्या. असो. भांडायला पत्र लिहीत नाही.

खोक्यात दोन वस्तू आहेत. एक म्हणजे टाक्यांच्या वणावर लावायची जेल. खपली पूर्ण पडली की दिवसातून दोनदा, हलक्या हातानं. चोळायचं नाही. चाळीस वर्षं मेडिकल चालवतोय, सगळं नायगाव मला डॉक्टर म्हणतं आणि मी कोणाला अडवत नाही. वण उजळायला वर्ष जातं. तुला धीर नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी गुडघ्याची खपली तीनदा उपटलेली पोरगी तू.

दुसरी वस्तू म्हणजे अव्वाची, माझ्या आईची, इष्टलिंगाची डबी. अव्वा गेली तेव्हा तिचं लिंग तिच्या हातात ठेवून तिला आपल्या रीतीनं मातीत बसवलं, चांदीची डबी तेवढी घरी राहिली. ती तुला द्यायची, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. तू लहानपणापासून लिंग कापडात बांधून घालतेस, ते आता या डबीत ठेवून घाल आणि काढू नकोस. शुद्ध चांदी आहे. जरा हलकी वाटेल, नवीही वाटेल. सराफानं घासून उजळून दिली आहे. दोरा अव्वाच्याच मापाचा घेतला आहे, डबी छातीच्या मधोमध बसेल.

त्या घरातल्यांना माझा नमस्कार सांगायची गरज नाही.

अप्पा


नायगाव,
१९ एप्रिल २०२४

चि. अक्षरा,

तुझी चिठ्ठी हणमंतरावांनी रिकाम्या खोक्यातून आणून दिली. डबी गळ्यात घातली आणि तासभर रडलीस म्हणतेस. टाके ओले असताना रडू नये, छातीला ताण बसतो. बाकी, रडलीस ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दुकानाच्या मोबाइलवर वणाचा फोटोही आला. बघणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून नीट बघितला. वरचा आणि खालचा वण चांगला बसलाय, फिकट गुलाबी. मधल्या भागात दोन्ही बाजूंना कातडी काळपट पडली आहे, छोट्या पुरीएवढी, गोल. खाजही येते म्हणतेस.

हे काही नवीन नाही. उन्हाळा आहे, लातूरची उष्णता, त्यात घाम. वणाच्या आसपासची कातडी नवी असते, ती पटकन काळवंडते. तुझ्या सासूबाई त्यावर खोबरेल आणि हळद लावतात म्हणे, तेवढं बंद कर. अर्धवट वैद्य जिवाला धोका, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं.

सोबत एक ट्यूब पाठवतोय. तीन औषधं एकत्र आहेत तिच्यात. खाज मारते आणि काळेपणाही काढते. ही मी कोणाला चिठ्ठीशिवाय देत नाही. तुझी चिठ्ठी मीच. संध्याकाळी पातळ थर लाव. आठवड्यात फरक दिसेल.

आणि एक. डबीची कड पिवळट दिसायला लागली असं लिहिलंस. घामानं चांदी तसं करते. चिंच लावून घासू नकोस. त्यापेक्षा डबीच पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून घालत जा. जुनी रीत आहे, चांदी टिकते. हे नक्की कर.

अप्पा


नायगाव,
२८ जून २०२४

चि. अक्षरा,

ट्यूबनं पंधरा दिवसांत काळेपणा गेला, तेव्हा तू मला ‘अप्पा, तुम्हीच खरे डॉक्टर’ असं लिहिलंस. ती चिठ्ठी गल्ल्यात ठेवली आहे. आता तीन आठवड्यांत सगळं परत आलं आणि पहिल्यापेक्षा जास्त आलं, म्हणून माझ्यावर फिरू नकोस.

तू लिहितेस, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, आतल्या लाल शिरा दिसतात, टॉवेल लागला तरी चरचरतं. लातूरच्या कातडीच्या डॉक्टरबाई ट्यूबमधलं स्टेरॉइड बघून संतापल्या, कोणी दिली म्हणून विचारलं आणि तू नाव सांगितलं नाहीस. बापाची अब्रू राखलीस. पण ती राखायची वेळ तुझ्यावर यावी, हे काही चांगलं लक्षण नाही.

बाईंचं ऐक. ट्यूब कमी करत आण, एकदम तोडू नकोस. त्यांनी दिलेला मलम लाव.

त्यांनी विचारलं, छातीवर कुठल्या धातूची वस्तू असते का, काळेपणा गोल आहे म्हणून विचारते. तू सांगितलंस, फक्त अव्वाची चांदी. मग त्यांनी कागदावरचा तो प्रश्न खोडला. बरोबरच आहे. चांदी सहसा कोणाला बाधत नाही.

कापडात गुंडाळायचं मी इतकं सांगूनही तू ऐकलं नाहीस. ‘अव्वाच्या अंगाला लागलेली चांदी आहे, मधे कापड कशाला?’ हे तुझं वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन बसलो होतो. गिऱ्हाइकाला तापाच्या गोळीऐवजी पोटाची गोळी दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तो परत आला म्हणून बरं.

अक्षरा, कापड गुंडाळ. बापानं सांगितलं म्हणून गुंडाळ.

अप्पा


नायगाव,
११ ऑगस्ट २०२४

चि. अक्षरा,

तुझा नवरा काल दुकानात येऊन गेला. तुला सांगून आला की न सांगता, ते मला माहीत नाही, म्हणून घडलं ते लिहितो. नंतर दोन घरांत दोन गोष्टी नकोत.

रविकांत अकराच्या गाडीनं आला. गिऱ्हाइकं होती. तो बाजूला उभा राहिला, सगळी जाईपर्यंत. पण बाजार होता, जाणार कुठून? शेवटी त्यानंच पुढं येऊन खिशातला कागद काउंटरवर ठेवला. डॉक्टरबाईंनी दिलेली यादी होती. साबण, कपडे, अंगावरचे दागिने, हुक, सगळं एकेक करून खोडलेलं, शेवटची डबीची ओळ तेवढी राहिलेली.

“अप्पा,” तो म्हणाला, “जागा फुटली हाय. मधोमध बारीक भोक पडून पाणी येऊन राहिलंय. बाई म्हणतात, अंगाला लागणारी एकबी वस्तू शिल्लक ठिऊ नका. म्हणून विचारायला आलो. रागावू नका. ती डबी चांदीचीच हाय ना?”

मी विचारलं, “का? अक्षराला शंका आली?”

“न्हाई हो. मीच म्हणलं होतं, सराफाकडं नेऊन एकदा बघतो. तर ती रडाय लागली. अव्वाच्या चांदीवर शंका घेताव का म्हणाली. दोन दिवस जेवली न्हाई नीट. मग म्हणलं, तुम्हालाच विचारावं.”

गुरुबसप्पा सराफ तेव्हा दुकानात गोळ्या घेत उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग बाहेर रस्त्याकडं बघत राहिला. मी काउंटरवर हात आपटून म्हणालो, “या शिवप्पाच्या घरात खोटं औषध नाही आणि खोटी चांदी नाही.” चार माणसांनी मान डोलावली.

रविकांतनं यादीतली शेवटची ओळ माझ्याच पेनानं खोडली. खोडून माझ्या पाया पडला. “चुकलं माझं,” म्हणाला. मी त्याला पाणी विचारायचं विसरलो. उन्हात उभा होता, घामानं शर्ट चिकटला होता, तरी विसरलो. हे लिहून टाकतो, कारण तो तुला सांगणार नाही.

भोक पडलं आहे तर हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका. आत हाड तारेनं बांधलेलं आहे, आणि त्याच्या खाली नवी झडप आहे. पू आत गेला तर मलमाचं काम राहत नाही.

अप्पा


नायगाव,
१४ सप्टेंबर २०२४

चि. अक्षरा,

ताप आला म्हणतेस. संध्याकाळी थंडी वाजून येतो म्हणतेस. हे लक्षण मला आवडलेलं नाही.

गळ्यातली डबी काढून ठेव. लिंग पूर्वीसारखं कापडात बांध. अव्वा माझ्या स्वप्नात आली होती, तिनं डबी मागितली. गेलेल्या माणसानं मागितलेली वस्तू अंगावर ठेवू नये. हणमंतराव परत येतील त्यांच्याजवळ डबी दे, चांगल्या दिवशी मी पुन्हा पाठवीन.

का, कशाला, विचारत बसू नकोस. काढ. आजच काढ.

अप्पा


लातूर,
२७ सप्टेंबर २०२४, सकाळी साडेनऊ

चि. सौ. अक्षरा,

‘सौ.’ पहिल्यांदा लिहितोय. आधीची पाचही पत्रं काढून बघ, एकातही नाही. विसरलो नव्हतो.

मी तुझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलोय. तू काचेच्या दारापलीकडं आहेस, तुला शुद्ध आहे की नाही ते नर्स नीट सांगत नाही. तुझी शेवटची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. ‘अप्पा, आता तर डबी काढणारच नाही. बरोबर झडपेच्या वर असते, अव्वा राखण करते असं वाटतं. तिनं मागितली असेल तर माझ्या स्वप्नात येऊन मागू दे.’ मी एका खोट्यानं डबीला देवपण दिलं आणि दुसऱ्या खोट्यानं ते काढायला गेलो. चिकटलेलं निघालं नाही.

ती चांदी नाही, अक्षरा.

अव्वाची डबी माझ्याकडं आहे. नायगावला दुकानात, देवाच्या फोटोमागं होती. आत्ता माझ्या बंडीच्या खिशात आहे. तुझ्या गळ्यात होती ती मी बाजारातून आणली. जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं आणि निकेल, वर चांदीचा मुलामा. गुरुबसप्पाकडं मुद्दाम गेलो नाही, तरी त्याला कळायचं ते कळलंच. त्यानंच अव्वाची डबी घडवली होती. त्याच्या दुकानातून मी ती कधी उजळून आणलीच नाही, हे त्याला माहीत होतं.

का केलं तेही लिहितो. अव्वाची चांदी त्या घरात जाऊ नये असं मला वाटलं. तू जगावीस असं वाटत होतं, गळ्यात लिंग राहावं असं वाटत होतं, तू रडावीस आणि अप्पाची आठवण काढावीस असंही वाटत होतं. पण चांदी त्यांच्या उंबऱ्याच्या आत जायला नको होती. आज ना उद्या मोडून खातील, असं मी मनात म्हणालो. रविकांत पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे, त्याच्या घरात माझ्या दुकानाइतकी पुस्तकं आहेत, हे मला माहीत होतं. माहीत असून म्हणालो. माणूस बौद्धाचा म्हणून म्हणालो. यापेक्षा साधं कारण नाही आणि मी शोधलेलंही नाही.

आणि एप्रिलमध्ये तुझा फोटो बघितला तेव्हाच मला कळलं होतं. तो काळा गोल बरोबर डबीएवढा होता. पट्ट्याच्या बकलाखाली पोट काळं पडलेली, घड्याळाखाली मनगट फुटलेली माणसं आयुष्यभर माझ्या काउंटरवर येतात. मी त्यांना हसत सांगतो, बाबा, पट्टा बदल, मलमाला पैसे घालवू नकोस. तुला मी सांगितलं नाही. तुला ट्यूब पाठवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, फक्त इथं रेडा कोणता ते मला ठाऊक होतं. डबी कातडी जाळत होती, ट्यूब ती पातळ करत होती, आणि दोन्ही मीच पाठवत होतो. त्याच खोक्यातून, त्याच कंडक्टरच्या हातानं.

काल संध्याकाळी मी आलो. तुझ्या सासूबाई, सरजाबाई, या बाकावर बसल्या होत्या. मी ओळख सांगायच्या आत त्यांनी सरकून जागा दिली. नाव विचारलं नाही. मग पदराच्या टोकाची गाठ सोडायला लागल्या. आवळून बांधलेली होती, दातानं सोडवली.

“नर्सबाईनं पोरीच्या गळ्यातलं काढून माझ्यापाशी दिलं,” त्या म्हणाल्या. “लिंग कापडात बांधून उशाला ठिवलंय, तिनं सांगितल्यासारखं. अन् ही डबी. तीन दिस झाले पदरात हाय. न्हायला गेले न्हाई का जेवायला गेले न्हाई, म्हणलं, दुसऱ्याच्या आईची चांदी हाय, हरवली तर पोरीला काय तोंड दावू? घ्या. बघून घ्या नीट.”

मी ती हातात घेतली. कडेचा मुलामा उडून आतलं पिवळं दिसत होतं. त्यांनी ती पदरानं पुसून दिली होती.

मी ती मुठीत झाकली.

याच्यापुढचं सगळ्यात वाईट आहे. रात्री मोठे डॉक्टर आले. पू हाडापर्यंत गेलाय, जुन्या तारा काढाव्या लागतील, सगळं धुऊन हाड परत बांधावं लागेल. झडपेपर्यंत पोचलं असेल तर काही सांगता येत नाही, म्हणाले. मग कागद पुढं करून विचारलं, पेशंटला कुठल्या धातूचं बाधतं का? बाधत असेल तर नेहमीची तार घालता येत नाही, तिच्यातही निकेल असतं. वेगळी मागवावी लागते, ती हैदराबादहून यायला सकाळ होईल. रविकांत म्हणाला, “न्हाई सर. अंगावर आमच्या सासऱ्यांनी दिलेली चांदीच होती फक्त.” म्हणून माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली, अक्षरा. हो म्हणून हलवली. झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून, तुझं हाड परत त्याच विषानं बांधायला मी मान हलवली.

आता सव्वादहा झालेत. तुला अकराला आत नेणार आहेत. रविकांत रक्त आणायला गेलाय. डॉक्टरांची खोली इथून दहा पावलांवर आहे, दार उघडं आहे, आत ते चहा पितायत. मला पाय आहेत, तोंड आहे. तरी मी पाऊण तास इथं बसून तुला लिहितोय, जिला हे वाचता येणार नाही. तुझ्याशी न बोलायची शपथ घेतली होती, खरं तर मला कोणाशीच खरं बोलायची सवय उरलेली नाही. कागदावर मात्र मी मोठा शूर.

सरजाबाई शेजारी बसल्यात. मघापासून माझा हात हलताना बघतायत. आत्ता म्हणाल्या, “पोरीलाच लिहिताव ना? अप्पाचं पत्र आलं की ती मला वाचून दावायची. मला सहीपुरतंच येतं. आज ती आत हाय. तुम्हीच वाचा की वाईच, मला बी धीर येईल.”

मी म्हणालो, मोठं आहे, नंतर वाचतो.

“असू द्या मोठं,” म्हणाल्या. “येळच काढायची हाय. वाचा.”

तू माझी पत्रं त्यांना वाचून दाखवत होतीस. ‘त्या घरातल्यांना नमस्कार सांगायची गरज नाही’ हेही वाचलंस का ग? खोबरेल, हळद आणि अर्धवट वैद्य हेही? वाचलं असशील तरी त्यांनी काल मला जागा दिली. वाचलं नसशील तर तू त्यांच्यापुढंही माझी अब्रू राखलीस. दोन्हीतलं कोणतं जास्त लागतं ते मला कळत नाही.

अव्वाची डबी खिशातून काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली आहे. ती जड लागली म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या हलक्या डबीकडं बघितलं. नुसत्या बघतायत.

साडेदहा झाले. हे ऐकल्यावर त्या उठून डॉक्टरांच्या दारात जातील, मला माहीत आहे. माझ्यासाठी थांबणार नाहीत. थांबूही नये.

वाचतो मी, अक्षरा. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं.